एका सेकंदाच्या आत

वाचकांचे प्रश्न : पेशीतली विकरं

गेल्या अंकात ‘पेशीतली विकरं, म्हणजेच एंझाइम्स, यांविषयी काहीही विचारा’ असं आवाहन केलं होतं. आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. मी अनेक वर्षं अमरावतीत महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे काही उत्तरं वर्गात फळ्यावर लिहीत असल्यासारखी लांबली आहेत. ती तशीच ठेवली, कारण प्रश्नच तसे होते.

‘पुस्तकात लिहिलंय की विकर सक्रियण ऊर्जा कमी करतं, अभिक्रियेचा वेग वाढवतं आणि स्वतः बदलत नाही. हे पाठ आहे, मार्कही मिळतात. पण ते नेमकं काय करतं हे डोळ्यांसमोर येत नाही. विचारलं तर, नीटला एवढं येत नाही, असं सांगतात.’ – बारावीची विद्यार्थिनी, लातूर

नीटला येत नसेल, पण तुला कळायला हवं. त्यासाठी शंभर विकरांची नावं पाठ करण्यापेक्षा एकच विकर नीट पाहू या. मी वर्गात नेहमी तांबड्या पेशींतलं कार्बोनिक अनहायड्रेज घ्यायचे. हे वाचत असताना तुझ्या अंगात ते काम करतंच आहे.

तुझ्या स्नायूंत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड रक्तात उतरतो. वायूच्या रूपात तो रक्तात फारसा मावत नाही. पाण्याशी जोडला जाऊन त्याचा बायकार्बोनेट झाला की मात्र भरपूर मावतो. फुफ्फुसात पोचल्यावर हेच उलटं व्हावं लागतं, बायकार्बोनेटचा पुन्हा वायू होऊन तो उच्छ्वासातून बाहेर पडतो. या दोन्ही अभिक्रिया विकर नसतानाही होतात. अडचण फक्त वेळेची आहे. साध्या पाण्यात त्यांना काही सेकंद लागतात, आणि तू शांत बसलेली असताना रक्त फुफ्फुसातली केशवाहिनी पार करतं ते साधारण पाऊण सेकंदात. धावताना त्याहूनही कमी वेळात. म्हणजे वायू सुटायच्या आतच रक्त पुढे निघून जायला हवं होतं. हा हिशेब शरीरशास्त्रज्ञांना फार खटकत होता. रक्तात हे काम भराभर उरकणारं काहीतरी असलंच पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला, आणि १९३३ साली केंब्रिजमध्ये मेल्ड्रम आणि रफटन यांनी तांबड्या पेशींतून ते विकर वेगळं केलं. घड्याळ आणि कागद यांच्या जोरावर एखादा रेणू आहे हे आधी ओळखायचं आणि मग तो शोधून काढायचा, ही गोष्ट मला आजही फार आवडते.

आता आत शिरू. हे विकर म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी, विशिष्ट पद्धतीने दुमडून गोळा झालेली. त्या गोळ्यात एक खोल खोबण आहे आणि खोबणीच्या तळाशी जस्ताचा एक अणू. हिस्टिडीन नावाच्या तीन अमिनो आम्लांनी तो धरून ठेवलेला आहे, आणि चौथ्या बाजूला त्याला पाण्याचा एक रेणू चिकटतो. बाहेर, मोकळ्या रक्तात, पाण्याचा रेणू कार्बन डायऑक्साइडवर सहज चाल करून जात नाही. त्यासाठी त्याला आपला एक हायड्रोजन सोडावा लागतो आणि पाण्याची त्याला तयारी नसते. जस्ताला चिकटलेलं पाणी मात्र तो हायड्रोजन सहज सोडतं. उरलेला हायड्रॉक्साइड तिथे तयारच असतो. शेजारच्या तेलकट कप्प्यात कार्बन डायऑक्साइड येऊन बसला की हायड्रॉक्साइड थेट त्याच्या कार्बनवर जातो. बायकार्बोनेट तयार होतो, नवं पाणी येऊन त्याला जस्तावरून हटवतं, आणि सुटा झालेला हायड्रोजन आणखी एका हिस्टिडीनच्या मदतीने खोबणीबाहेर पोचवला जातो. गंमत म्हणजे या सगळ्यात सर्वांत संथ पायरी ही शेवटची, हायड्रोजन बाहेर नेण्याची. तरीही आपल्या शरीरातल्या या विकराचा सर्वांत चपळ प्रकार एका सेकंदात सुमारे दहा लाख वेळा हे पूर्ण करतो. एकच रेणू, एका सेकंदात.

आता तुझं पाठ असलेलं वाक्य यावर लावून बघ. जुने बंध सैल झालेत आणि नवे अजून पक्के नाहीत, अशी एक अडचणीची मधली अवस्था प्रत्येक अभिक्रियेत येते. तिथवर पोचायला जी ऊर्जा लागते ती सक्रियण ऊर्जा. विकर रेणूंना ऊर्जा पुरवत नाही. जस्त, हिस्टिडीन आणि तेलकट कप्पा मिळून ते अशी दुसरी वाट देतं, जिच्यात ती मधली अवस्था इतकी महाग पडत नाही.

तुमच्या पुस्तकात एमिल फिशर यांची १८९४ची कुलूप-किल्लीची उपमा असेल. विकर अमुकच रेणूवर का काम करतं, हे तिने छान समजतं. पण परीक्षेपुरतं तिच्यावर थांबू नकोस. किल्ली कुलपात अगदी चपखल बसली आणि तिथेच सुखाने राहिली, तर काम कसं व्हायचं? लायनस पाउलिंग यांनी १९४०च्या दशकात याचं उत्तर मांडलं. खोबणीचा आकार सर्वांत चपखल जुळतो तो त्या मधल्या, ताणलेल्या अवस्थेशी. म्हणून आत आलेला रेणू त्या अवस्थेकडे ओढला जातो. पुढे १९५८ साली डॅनियल कॉशलंड यांनी मांडलं की खोबण ताठर नसते, रेणू आत येताना तीही आपला आकार बदलते.

आणखी एक गोष्ट मला तुझ्याकडून पक्की करून घ्यायची आहे. पायाच्या स्नायूत वायूचा बायकार्बोनेट करणारं आणि फुफ्फुसात बायकार्बोनेटचा वायू करणारं विकर एकच आहे. कुठल्या दिशेने जायचं हे ते ठरवत नाही, जिथे जे जास्त साचलंय त्यावरून ते ठरतं. अभिक्रिया शेवटी जिथे जाऊन थांबणार तिथेच ती थांबते, विकर फक्त तिथे लवकर पोचवतं. एवढं कळलं तर विकरांबद्दलचं बरंचसं कळलं.

ट्रेकला जाणारं कुणी ओळखीचं असेल तर विचार. उंचावर त्रास होऊ नये म्हणून डॉक्टर कधी कधी डायमॉक्स देतात. ती गोळी याच विकराला अडवते. मूत्रपिंडातलं हे विकर मंदावलं की जास्त बायकार्बोनेट लघवीवाटे निघून जातो, रक्ताची आम्लता किंचित वाढते आणि श्वास वाढतो.

‘प्रत्येक विकर हे प्रथिन असतं, असं मी मुलांना शिकवतो. एका विद्यार्थ्याने इंटरनेटवर याच्या उलट वाचलं. खरं काय?’ – विज्ञान शिक्षक, सांगली जिल्हा

सर, तुमचा विद्यार्थी बरोबर आहे, आणि तुम्ही शिकवता तेही जवळजवळ सगळ्या विकरांना लागू आहे. पण मुलांना हेही सांगा की विकर हे प्रथिन आहे, हे पटवून द्यायलाच एका माणसाची अनेक वर्षं गेली. अमेरिकेतले जेम्स समनर डावखुरे होते. शिकारीच्या अपघातात त्यांचा डावा हात गेला, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. एका हाताने रसायनशास्त्र जमणार नाही, असं त्यांना पुढे सांगण्यात आलं. कॉर्नेल विद्यापीठात १९१७ साली त्यांनी आपल्याकडच्या अबईच्याच कुळातल्या एका शेंगेच्या बियांपासून युरियेज हे विकर शुद्ध करायला घेतलं. १९२६ साली त्याचे स्फटिक मिळाले. ते स्फटिक प्रथिनाचेच होते आणि युरियाचे तुकडेही तेच करत होते. त्या काळी रिचर्ड विलश्टेटर यांच्यासारखा नोबेलविजेता रसायनशास्त्रज्ञ हे मानायला तयार नव्हता. समनर यांना नोबेल मिळालं ते १९४६ साली.

तुमच्या विद्यार्थ्याने वाचलं असेल ते टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांच्याबद्दल. डीएनएचा नातलग असलेला आरएनए हा रेणूही विकराचं काम करू शकतो, हे त्यांनी दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९८९ साली नोबेल मिळालं. आपल्या पेशीतला सर्वांत मोठा पुरावा म्हणजे रायबोसोम, प्रथिनं घडवणारं यंत्र. तिथे अमिनो आम्लं एकमेकांना जोडली जातात ती आरएनएच्या खोबणीत. रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ साली ज्या तिघांना नोबेल मिळालं, त्यांतले वेंकटरमण रामकृष्णन तमिळनाडूतल्या चिदंबरमचे. म्हणजे प्रथिनरूपी सगळी विकरं घडवणारं यंत्र स्वतः प्रथिनाच्या बळावर चालत नाही. वर्गात याच्यावर एक तास खुशाल जाऊ द्या.

‘धाकटा भाऊ कपाशीवर फवारणी करून आला अन् संध्याकाळी लाळ गळायला लागली, डोळ्यांतून पाणी, अंगाला दरदरून घाम. दवाखान्यात भरती केलं. आता घरी आहे. डॉक्टर म्हणाले रक्तातलं एंझाइम खाली गेलं होतं. हे एंझाइम म्हणजे काय, अन् ते परत वर येते का? हंगाम तर चालू आहे.’ – शेतकरी, यवतमाळ जिल्हा

भाऊ, तुमचं पत्र मी सगळ्यांत आधी वाचलं. परत येतं. पण त्याला वेळ लागतो, आणि ती वेळ तुमच्या धाकट्याला द्यावीच लागेल.

मज्जातंतू स्नायूला ‘आकुंचन पाव’ असा निरोप देतो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या रूपात. निरोप पोचला की ते रसायन लगेच तोडलं गेलं पाहिजे, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. हे तोडण्याचं काम ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर करतं. तेही अत्यंत चपळ आहे, एका रेणूने सेकंदाला हजारो निरोप तोडावेत इतकं. १९९१ साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेत त्याची रचना दिसली तेव्हा कळलं की त्याची काम करण्याची जागा एका खोल, अरुंद घळीच्या तळाशी आहे. तिथे सेरीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. निरोपाचा एक तुकडा आधी सेरीनला चिकटतो, मग पाण्याचा रेणू येऊन त्याला सोडवतो आणि जागा पुन्हा मोकळी होते.

प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांच्यासारखी ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकं त्याच घळीत शिरतात. विकराला ती ओळखीची वाटतात आणि ते आपली नेहमीची पहिली पायरी पूर्ण करतं. फरक एवढाच की सेरीनला आता फॉस्फरसचा गट चिकटलेला असतो आणि पाण्याला तो सहजी सोडवता येत नाही. विकराचा तो रेणू कामातून गेला. असे पुष्कळ रेणू गेले की स्नायूंकडचे आणि लाळ, घाम यांच्या ग्रंथींकडचेही निरोप साचत जातात. लाळ, अश्रू, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू आणि शेवटी श्वास अडकणं, हे सगळं त्यातून येतं. बोंडअळीच्या अंगातही याच जातीचं विकर आहे. म्हणूनच औषध अळीला मारतं, आणि म्हणूनच ते माणसालाही धोक्याचं आहे. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने किती घरांतली कर्ती माणसं गेली, हे तुम्हाला मी सांगायला नको. ते दिवस आठवले की आजही माझ्या पोटात कालवतं.

दवाखान्यात सलाइनमधून ॲट्रोपिन दिलं असेल. ते विकराला हात लावत नाही, निरोप जिथे पोचतो ती जागा झाकतं, म्हणजे लाळ आणि छातीतला स्राव आटोक्यात येतो. डॉक्टरांनी पीएएम नावाचं औषध दिलं असेल तर त्याचं काम वेगळं. ते सेरीनवरचा फॉस्फरसचा गट ओढून काढायला बघतं. पण तो गट आणखी घट्ट होऊन बसायच्या आत हे व्हायला हवं. काही औषधांत तो काही तासांतच पक्का होतो, काहींत दिवसाहून जास्त लागतो. म्हणून ‘सकाळपर्यंत बघू’ असं कधीही करू नका. आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा डबा बरोबर न्या, त्यावरचं नाव बघून डॉक्टरांचा वेळ वाचतो.

पक्कं झालेलं विकर परत चालू होत नाही, शरीराला नवंच घडवावं लागतं. रक्तद्रवात यकृतातून येणारं एक भावंडविकर असतं, ते काही आठवड्यांत भरून येतं. तांबड्या पेशींवरचं मात्र त्या पेशी नव्या तयार होतील तसतसंच वाढतं, कारण तांबड्या पेशीत केंद्रक नसतं आणि तिला नवं विकर घडवता येत नाही. या पेशींचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं. तुमचा भाऊ आज ठणठणीत दिसत असेल, पण त्याच्या अंगातला साठा अजून अर्धवट असू शकतो. अशा वेळी एरवी सहन झाली असती एवढीशी फवारणीही महागात पडते. म्हणून या हंगामात त्याच्या पाठीवर पंप देऊ नका. रक्ताची तीच तपासणी पुन्हा करून डॉक्टर हो म्हणेपर्यंत तरी नाहीच.

आणि घरातल्या इतरांसाठी एवढं सांगते. हे औषध तोंडावाटे गेलं तरच बाधतं असं नाही, घामेजल्या कातडीतूनही ते आत शिरतं. ओले झालेले कपडे लगेच उतरवा, साबणाने अंघोळ करा, ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. वारा समोरून येत असेल तर फवारणी थांबवा. दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारू नका. पिकासाठी सांगितलेल्या प्रमाणापेक्षा जास्त औषध वापरू नका, ते माणसालाही बाधतं असं समजून वागा.

‘संत्र्याची सालं, गूळ आणि पाणी तीन महिने मुरवून बायो-एंझाइम बनवते. फरशी छान निघते. ही विकरंच काम करतात ना?’ – गृहिणी, ठाणे

मुख्य काम आम्लाचं आहे. गूळ आंबून आधी अल्कोहोल आणि मग व्हिनेगरचं आम्ल तयार होतं. फरशीवरचे पाण्याचे डाग त्यानेच निघतात. इतक्या आंबट द्रावणात बहुतेक विकरांची घडी मोडते. तरी सालं वाया जात नाहीत, हे चांगलंच आहे, खुशाल बनवा. फक्त दोन काळज्या घ्या. सुरुवातीच्या आठवड्यांत बाटलीत वायू साचतो, तेव्हा झाकण रोज सैल करा. आणि ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम जंतुनाशकात हे कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरिन निघतो.

‘बाळाच्या घट्ट नाचणीच्या पेजेत सासूबाई त्यांच्या डब्यातलं मोडाच्या नाचणीचं पीठ चमचाभर घालतात आणि पेज बघता बघता पातळ होते. मी विकतच्या सत्त्वाने तसंच केलं तर काही होत नाही. सासूबाई म्हणतात, हाताचा गुण. खरं कारण काय?’ – तरुण आई, चिपळूण

सासूबाईंच्या हाताला गुण आहेच, आणि तो कुठून येतो तेही सांगते.

नाचणीला मोड येतात तेव्हा दाण्यात साठलेलं पिष्ट कोवळ्या अंकुराला हवं असतं. ते तोडण्यासाठी दाणा अमायलेज हे विकर तयार करतो. १८३३ साली पॅरिसमध्ये पायेन आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या बार्लीतून हेच काढलं होतं. जिवंत पेशीतून वेगळं केलेलं ते पहिलं विकर. पेज घट्ट असते ती पिष्टाच्या लांबच लांब साखळ्या पाणी धरून फुगल्यामुळे. अमायलेज त्या साखळ्या मधूनमधून कापतं, तुकडे आखूड झाले की पाणी सुटतं. म्हणून चमचाभर पुरतो, कारण तोच रेणू एक कापून झालं की दुसरीकडे वळतो.

तुमच्या डब्यातलं सत्त्व का चालत नाही, याचं बहुधा एकच कारण असावं : ते खमंग भाजलेलं आहे. भाजल्याने चव येते, टिकतंही जास्त, पण त्या आचेत विकराची घडी उलगडते, खोबणीचा आकार जातो आणि मागे नुसतं पीठ उरतं. सासूबाई मोडाची नाचणी उन्हात कडकडीत वाळवून, कढईत जेमतेम कोमट करून दळत असणार. विचारून बघा.

बाळाच्या दृष्टीने याचा मोठा फायदा आहे. लहान पोटात वाटीभरच मावतं. पातळ पेज हवी म्हणून पाणी वाढवलं तर त्या वाटीत पीठ कमी जातं. मोडाचं पीठ घातलं तर पीठ जास्त घालूनही पेज बाळाला गिळता येईल इतकी सैल होते. आपल्या देशात बडोद्याच्या विद्यापीठात यावर मोलाचं काम झालं आहे.

करायचं असं : नेहमीची पेज घट्टच शिजवा. खाली उतरवून, चांगली गरम पण उकळती नाही अशी झाली की चमचाभर मोडाचं पीठ घालून ढवळत राहा. उकळत्या पेजेत घातलंत तर विकर काम सुरू व्हायच्या आधीच संपेल. थोड्याच वेळात ती सैल झालेली दिसेल. मग पुन्हा आचेवर ठेवून एक चांगली उकळी काढा, म्हणजे कच्च्या पिठातले जंतू मरतील, आणि पेज तिथून पुढे आणखी पातळ होत जाणार नाही.